टेस्ट रिपोर्टवर सही होण्याआधी : गोव्यात घर करणाऱ्यांसाठी

कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडीकडून नोकरीसाठी आलेली, वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत रुळलेली आणि आता डिचोली, फोंडा, म्हापसा भागात स्वतःचं घर करणारी बरीच मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात : "वायरिंग तपासायला पंचायतीचा माणूस कधी येतो?"

तो येत नाही. पंचायत बांधकामाचा परवाना देते, घर पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र देते, घर क्रमांक आणि घरपट्टी लावते. भिंतीतल्या तारांशी तिचा संबंध नसतो. तारांचं बघतं वीज खातं. पण नियमाने खात्याला दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. वीज जोडण्याआधी खात्याने स्वतः तपासणी करावी, किंवा परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरने सही करून दिलेला टेस्ट रिपोर्ट मान्य करावा. साध्या घराच्या बाबतीत बहुधा दुसरी वाट धरली जाते. म्हणजे तुमच्या घराच्या वायरिंगची जी काही तपासणी व्हायची, ती त्या एका कागदामागे होते. तो कागद तपासणी न करता भरला गेला, तर तुमचं घर कुणीही तपासलेलं नसतं.

मी गेली २२ वर्षे वायरिंगच्या धंद्यात आहे, सुपरवायझरचा परवाना आहे. हा लेख त्या कागदापर्यंत नीट कसं पोचायचं आणि पुढे काय करायचं, यासाठी आहे.

आधी कोण काय बघतं ते

महाराष्ट्रातून आलेल्यांना महावितरणची सवय असते. गोव्यात तशी कंपनी नाही. वीज वाटप थेट सरकारी खात्याकडे आहे, १९६३ पासून. मुख्य कार्यालय पणजीला विद्युत भवनात, पण तुमचं काम पडेल ते तुमच्या भागातल्या उपविभागीय कार्यालयात. ते कुठलं हे कळायचा सोपा मार्ग म्हणजे शेजाऱ्याचं वीज बिल मागून घ्या. त्यावर उपविभागाचं नाव असतं.

दर आणि पुरवठ्याचे नियम संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. गोवा आणि दिल्ली, जम्मू-काश्मीर, लडाख सोडून बाकीचे केंद्रशासित प्रदेश यांच्यासाठी हा एकच आयोग आहे. सुरक्षेचे नियम देशभर सारखे आहेत. ते केंद्रीय विद्युत प्राधिकरण काढतं, २०१० चे नियम जाऊन आता २०२३ चे लागू आहेत. आणि या सगळ्याच्या बुडाशी २००३ चा वीज कायदा.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, नगरपालिका आणि पणजी महापालिका वेगळ्या. घर पंचायतीच्या हद्दीत की पालिकेच्या, यावर तुमचे घराचे कागद कुठून यायचे ते ठरतं, शिवाय जोडणी किती दिवसांत मिळायला हवी तेही. ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली बदल झाला. लाईन वाढवायची गरज नसेल तर पूर्ण अर्ज मिळाल्यापासून पालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस, अशी मुदत आहे. "पूर्ण अर्ज" हे शब्द महत्त्वाचे. एक कागद कमी असला की ते दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

घराचे कागद

नव्या घराला भोगवटा प्रमाणपत्र, फ्लॅटला विक्रीखत आणि सोसायटीचा किंवा बिल्डरचा कागद, जुन्या घराला घरपट्टीची पावती, जागेच्या हक्कासाठी एक-चौदाचा उतारा, ओळखपत्र, फोटो. कार्यालयात जाण्याआधी फोनवरून यादी विचारून घ्या, एक फेरी वाचते.

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे इथे नव्याने आलेल्यांना लवकर कळत नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर मुंडकाराचं, म्हणजे तिथे राहणाऱ्या कुळाचं, घर ही गोव्यातली नेहमीची गोष्ट आहे. असं घर विकत किंवा भाड्याने घेत असाल तर आधी वकिलाला कागद दाखवा, मग मीटरच्या मागे लागा. भाड्याने राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की कायदा जोडणी मागण्याचा हक्क मालक किंवा भोगवटादार या दोघांनाही देतो. तरी प्रत्यक्षात मालकाचं संमतीपत्र जोडलेलं असलं की काम सुरळीत होतं.

जुनं घर चालू मीटरसह घेतलं असेल तर मीटर लगेच आपल्या नावावर करून घ्या. मागची थकबाकी आहे का, मंजूर भार किती, हे त्याच वेळी कळतं. मयत आजोबांच्या नावावर तीस-तीस वर्षं चाललेली मीटरं मी पाहिली आहेत, आणि भार वाढवायची वेळ आली की सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करताना घरच्यांची होणारी दमछाकही.

भार मोजा, अंदाज करू नका

एका संध्याकाळी वही घेऊन बसा. साध्या दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराच्या घराचा हिशेब असा येतो : दहा एलईडी दिवे ९० वॅट, चार पंखे ३०० वॅट, फ्रिज २००, टीव्ही १००, वॉशिंग मशीन ५००, मिक्सर ७५०, इस्त्री १०००, गीझर २०००, दीड टनाचा एसी सुमारे १७००, विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप ७५० च्या आसपास. बेरीज साडेसात किलोवॅटच्या आतबाहेर. हे सगळं एकाच वेळी चालत नाही हे खरं, पण आज एक एसी आहे, पुढच्या मे महिन्यात दुसरा येईल. गोव्याचा मे महिना एकदा काढलात की मुलांच्या खोलीला एसी लागतोच. त्यामुळे थ्री-फेज, म्हणजे जास्त भार पेलणारी जोडणी, घ्यायची का, हे आत्ताच ठरवा. भिंती बंद झाल्यावर मेन केबल बदलणं फार महागात पडतं.

घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायचा विचार असेल तर तो अर्जात लपवू नका. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवला तर वीज कायद्याचं कलम १२६ लागतं. आकारणी दुप्पट दराने होते, आणि गैरवापर कधीपासून सुरू होता हे ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. किनारपट्टीच्या गावांत येणाऱ्यांना मी हे पहिल्याच भेटीत सांगतो.

कॉन्ट्रॅक्टर निवडताना

नियम काय म्हणतो ते आधी बघा. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरातलं उपकरण जसंच्या तसं बदलणं, म्हणजे ज्याने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही असं काम, कुणीही करू शकतं. बाकी सगळं, नवीन वायरिंग, एक पॉइंट वाढवणं, दुरुस्तीसुद्धा, परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं आणि तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली.

प्रत्यक्षात काय होतं? बांधकामावरचा मेस्त ओळखीचा एखादा पोरगा आणतो. पोरगा हुशार असतो, हात चांगला असतो, पण परवाना नसतो. काम संपल्यावर सहीसाठी परवानाधारक शोधतात, आणि तो घर न बघता सही करतो. या एका सवयीने जितकी घरं धोक्यात आहेत, तितकी वादळा-पावसानेही नसतील असं माझं मत आहे.

म्हणून काम देण्याआधी परवाना मागून घ्या. त्यावरची मुदत बघा. परवान्यावरचं नाव आणि तुमच्याकडे येणारा माणूस वेगळे असतील तर, "देखरेख कोण करणार आणि कुठल्या दिवशी येणार?" एवढं विचारा. चांगला माणूस रागवत नाही, उलट त्याला बरं वाटतं. काम करणारा पोरगा हुशार असेल तर त्याला वायरमनच्या परीक्षेला बसायला सांगा. माझ्या हाताखालचे तिघे असेच पुढे गेले.

भिंती उघड्या आहेत तोवर

हा टप्पा लवकर उरकायचा नाही. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. पाच वर्षांनी खिळा ठोकताना हेच फोटो कामी येतील.

तारेचा हिशेब थोडक्यात सांगतो. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी आणि गीझरला प्रत्येकी स्वतंत्र चारची तार. एका दिव्या-पंख्यांच्या सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार नको. स्विच नेहमी फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर, न्यूट्रलवर, म्हणजे परत नेणाऱ्या तारेवर, कधीच नाही. हिरवी तार फक्त अर्थिंगची. तार संपली म्हणून हिरव्या तारेचा फेज केलेला मी पाहिला आहे, आणि पुढे त्यावर हात ठेवणारा माणूस तिला अर्थिंग समजूनच हात ठेवणार. तार आयएस ६९४ ची खूण असलेली घ्या. गुंडाळीचं वेष्टन आणि बिल जपून ठेवा.

एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, आपल्याकडे अजूनही सगळे ईएलसीबी म्हणतात तो. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, कुठेतरी जमिनीत गळतोय, असं दिसलं की तो तुटतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचाच घ्या. शंभरचा आणि तीनशेचाही दुकानात मिळतो, तो 'वारंवार पडत नाही' म्हणून खपवला जातो. पण तीनशेवर तो पडेपर्यंत माणूस गेलेला असतो. एक मर्यादाही सांगून ठेवतो : एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आलं तर आरसीसीबीला काही कळत नाही.

जांभा दगड आणि अर्थिंग

गोव्यातल्या घरांत मला सर्वांत जास्त दुखणं दिसतं ते अर्थिंगचं, आणि त्याचं कारण पायाखाली आहे. जांभा. पावसाळ्यात स्पंजासारखा भरतो, मार्चनंतर कोरडा ठणठणीत. ओल्या जमिनीत वीज सहज उतरते, कोरड्या जांभ्यात उतरत नाही.

सत्तरीतल्या एका घरी मी जुलैत अर्थिंगचा खड्डा मोजला तेव्हा ३ ओहम आले. हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. मालक खूश. पुढच्या मे महिन्यात त्यांच्याच पंपासाठी गेलो होतो, सहज पुन्हा मोजला. १४. खड्डा तोच, पाइप तोच, फक्त पाणी गेलं होतं. तेव्हापासून मी पावसाळ्यातल्या आकड्यावर विसंबत नाही. अर्थिंग मोजायचं ते एप्रिल-मे महिन्यात. आम्ही लोक साधारण ५ ओहमच्या खाली आणायचा प्रयत्न करतो.

करायचं काय? अडीच मीटर लांबीचा, चाळीस मिलिमीटर व्यासाचा जस्त चढवलेला पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरती पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण. वरचा चिरा फोडून खालची मऊ माती लागेपर्यंत पहार चालवायला लागते. मजूर एक मीटरवर थांबतात, "दगड लागला" म्हणतात. थांबू देऊ नका. जागा न्हाणीच्या पाण्याच्या वाटेजवळ किंवा तुळशीच्या मागे, जिथे रोज थोडं पाणी मुरतं अशी निवडा. समुद्राच्या बाजूला, म्हणजे मोरजी, हरमल, कळंगुटपट्ट्यात, खारी हवा लोखंडाला दोन-तीन वर्षांत खाते, तिथे तांब्याचा रॉड किंवा रासायनिक अर्थिंग परवडतं. आणि मे महिन्यात आठवड्यातून एकदा त्या नरसाळ्यात दोन बादल्या पाणी. एवढं मुलंसुद्धा करतील.

सेवाजोडणीच्या ठिकाणी खात्याने अर्थिंगचं टोक द्यायचं असतं, तेही मागून घ्या. पण त्याच्या भरवशावर स्वतःचा खड्डा टाळू नका.

तपासणीचा दिवस

आता त्या कागदाकडे. काम संपलं, गिलावा-रंग झाला, कॉन्ट्रॅक्टर टेस्ट रिपोर्ट घेऊन येतो. त्या दिवशी तुम्ही घरी असा. त्याच्या हातात मेगर आहे का बघा. मेगर म्हणजे तारेवरचं आवरण किती शाबूत आहे हे मोजायचं यंत्र, घरासाठी ५०० व्होल्टचं. मेगर नसेल तर त्या दिवशी सही होऊ देऊ नका. मल्टिमीटरवर हे माप निघत नाही.

चाचणी अशी होते. मेन बंद. सगळे दिवे काढून ठेवायचे, प्रत्येक उपकरणाचा प्लग बाहेर. एलईडीचे ड्रायव्हर जोडलेले राहिले तर ५०० व्होल्टने जळतात, म्हणून तेही सोडवायचे. भिंतीवरचे स्विच मात्र चालू, नाहीतर स्विचच्या पुढची तार तपासलीच जात नाही. मग फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून अर्थिंगशी माप घ्यायचं, एक मिनिटभर. नंतर फेज आणि न्यूट्रल यांच्यात. किमान १ मेगओहम यायला हवं. नव्या कोरड्या घरात ते पन्नास-शंभरच्या वर सहज जातं, त्यामुळे नव्या घरात दोन-तीन आलं तर नियमात बसत असलं तरी मी कारण शोधतो.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण जुनं कौलारू घर घेणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. डिचोली तालुक्यातलं घर, मंगळुरी कौलं, लाकडी वासे. नव्याने सगळी वायरिंग झालेली, आधीच्या माणसाने रिपोर्टवर सही करून दिलेली, मीटरही चालू. जुलैत आरसीसीबी सारखा पडायला लागला. घरातल्या आजी म्हणाल्या, "रात्री पाऊस लागला की पडतो, सकाळी ऊन आलं की राहतो." निदान त्यांनी अर्धं केलंच होतं. मेगर लावला, ०.२ मेगओहम. डीबीवरच्या, म्हणजे जिथून सगळी सर्किटं फुटतात त्या पेटीवरच्या, एकेक सर्किटची तार सोडवून वेगवेगळं मोजलं. हॉल ठीक, स्वयंपाकघर ठीक, न्हाणीचं सर्किट खराब. न्हाणीच्या दाराजवळचा बोर्ड उघडला. लोखंडी बॉक्स तळाशी गंजून तपकिरी झालेला, जोडावरची टेप सुटून खाली लोंबत होती, उघड्या तांब्यावर हिरवट बुरशी, आणि टोकाला एक थेंब. हात न लावता आम्ही बघत राहिलो. थेंब पडला, दुसरा तयार व्हायला लागला.

पाणी भिंतीतून येत नव्हतं. वर वाशाजवळ एक कौल सरकलं होतं, तिथलं पाणी कंड्यूट पाइपच्या तोंडात शिरत होतं आणि पाइपातून सरळ बोर्डात. पाइप तारेसाठी टाकलेला, पण पाणीही त्याच वाटेने उतरलं. कौल बसवलं, पाइप वरून उतरवण्याऐवजी खालून बोर्डात घेतला, वरच्या टोकाला वाकवून तोंड जमिनीकडे केलं, प्लास्टिकचा बॉक्स बसवला. माप चाळीसच्या वर गेलं. आधीच्या सहीच्या दिवशी कुणी वासे बघितले असते तर हे सगळं उन्हाळ्यातच झालं असतं.

म्हणून कौलारू घरात वायरिंग शक्यतो भिंतीच्या कंबरेइतक्या उंचीवरून फिरवा, छतातून नाही. जुनी लाकडी पट्टीवरची वायरिंग आणि चिनीमातीचे किटकॅट फ्यूज अजून चालू असतील तर पूर्ण काढा. अर्धं जुनं, अर्धं नवं असा संसार करू नका. जुन्या तारेचं रबर हाताने चोळलं की भुगा होतो, आणि त्या तारांत अर्थिंग मुळात नसतंच.

मेगरच्या चाचणीनंतर आणखी तीन गोष्टी तुमच्यासमोर व्हायला हव्यात : प्रत्येक सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग खरंच पोचलंय का, फेज उजवीकडे आहे का, आणि वीज चालू झाल्यावर आरसीसीबीवरचं 'टी' बटण दाबलं की तो पडतो का. रिपोर्टवर आकडे लिहिलेले हवेत. "ठीक" किंवा "समाधानकारक" असं लिहिलेला रिपोर्ट परत करा. आकडा लिहायचा म्हटलं की मोजावं लागतं.

अर्ज, मीटर आणि नंतर

अर्ज, घराचे कागद आणि टेस्ट रिपोर्ट उपविभागीय कार्यालयात किंवा खात्याच्या संकेतस्थळावरून भरता येतात. पोच घ्या, तारखेसह. जागा बघायला माणूस येतो, मग मागणीपत्र, पैसे भरणं, मीटर. मीटरची जागा अशी द्या की वाचायला येणाऱ्याला कुत्रा बांधून ठेवायला सांगावं लागणार नाही आणि पावसाची झड मीटरवर येणार नाही. पडवीतली पश्चिमेची भिंत टाळा, आपल्याकडे पाऊस तिकडूनच झोडपतो. मीटरपर्यंतचं खात्याचं, मीटरनंतरचं सगळं तुमचं.

बांधकाम चालू असताना तात्पुरती जोडणी वेगळी घ्यावी लागते. शेजाऱ्याकडून तार ओढून मिक्सर-कटर चालवू नका. ते शेजाऱ्यालाही अडचणीत आणतं, आणि मातीवर लोळणाऱ्या तारेने मजुराचा जीव जातो. चवथीच्या मांडवाची रोषणाई आणि गावच्या जत्रेतलं दुकान यांनाही हेच लागू आहे. खांबावर आकडा टाकणं ही कलम १३५ खाली चोरी आहे.

पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतीत फ्लॅट घेत असाल तर नियम बदलतो. तिथे विद्युत निरीक्षकाच्या तपासणी आणि परवानगीशिवाय पुरवठा सुरू करता येत नाही. बिल्डरकडून त्या परवानगीची प्रत मागून घ्या. लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पंप यांची तपासणीही सोसायटीच्या बैठकीत विषय म्हणून घ्या.

वरचा मजला चढवणार असाल, किंवा पत्र्याची शेड टाकणार असाल, तर आधी मान वर करून बघा. कमी दाबाच्या तारेपासून छप्पर उभ्याने निदान २.५ मीटर आणि आडवं १.२ मीटर लांब असायला हवं. ११ केव्हीची, म्हणजे उच्च दाबाची, लाईन असेल तर उभं अंतर ३.७ मीटर. अंतर बसत नसेल तर खात्याला लेखी कळवून लाईन हलवून घ्या, खर्च तुम्हालाच येतो. पंचायतीचा परवाना हातात आहे म्हणून हे अंतर माफ होत नाही, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. परवान्याच्या नकाशात लाईन दाखवलेली असली की सरपंच-सचिवांनाही वेळीच बोलता येतं.

इन्व्हर्टर किंवा जनरेटर लावताना चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी खात्याची किंवा स्वतःची, एकच वीज घराला जोडणारा स्विच, हवाच. पावसाळ्यात माड लाईनवर पडतो, दोन दिवस वीज जाते, कुणीतरी जनरेटर थेट सॉकेटमध्ये लावतो. ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. खांबावर त्या वेळी लाईनमन असतो, लाईन बंद आहे असं समजून. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, हे कधीही करू नका.

तक्रार आणि पावसाळा

तक्रारीला १९१२. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पहिल्यांदा उपविभागाच्या अभियंत्याकडे लेखी द्या, तिथे काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यापुढे आयोगाचा विद्युत लोकपाल. या पायऱ्या चढायला वकील लागत नाही, पण प्रत्येक पायरीवर आधीच्या पोचपावत्या लागतात. बिलाचा वाद असेल तरी नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, ते पंधरा दिवस वापरा.

एखादा कॉन्ट्रॅक्टर तपासणी न करता सही करताना दिसला तर तेही लेखी कळवा. माझ्याच धंद्यातल्या माणसाविरुद्ध सांगतोय याचं मला वाईट वाटत नाही.

मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, घरातलं एवढं करून घ्या : अंगणातला आणि गेटवरचा दिवा उघडून आतली पाण्याची खूण बघा, विहिरीच्या पंपाची तार उंदरांनी कुरतडली आहे का बघा, वाळवीची माती बोर्डाच्या कडेला दिसते का बघा, लाईनवर झुकलेल्या फांद्यांसाठी खात्याला कळवा, स्वतः कोयता घेऊन चढू नका. आरसीसीबीचं 'टी' बटण दर महिन्याला दाबायचं, मी ते वीज बिल भरायच्या दिवशी दाबतो म्हणजे विसरत नाही. तो पडला नाही तर त्याच दिवशी बदला.

आणि खाली पडलेली तार दिसली, मग ती मेलेली वाटो की जिवंत, तर निदान दहा पावलं लांब थांबा, गुरंढोरं आणि शाळेत जाणारी पोरं लांब ठेवा, एक माणूस तिथे उभा करून दुसऱ्याने १९१२ ला फोन करायचा. फोन करताना सांगायला तुमच्या घराजवळच्या खांबावरचा क्रमांक आजच बघून टेस्ट रिपोर्टच्या मागे लिहून ठेवा.